उचलायला चौघं आहेत का?

१०८ ची गाडी २६ मिनिटांत आली. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीसाठी ही वेळ चांगलीच म्हणायची. ग्रामीण भागात ३० मिनिटांत पोचायचं, शहरात २० मिनिटांत, असा निकष आहे. म्हणजे गाडी ४ मिनिटं आधीच हजर. गाडीपुरतं पाहिलं तर काम चोख झालं होतं.

काका मात्र गाडीत नव्हते. ते वर घरात होते, पडवीच्या खांबाला टेकून. छातीत कळ, अंगभर घाम, ओठ पांढरे. गाडी खाली, साकवाच्या अलीकडे उभी. डांबरी रस्ता तिथेच संपतो. पुढे पऱ्या, त्यावर साकव, आणि साकवापासून घरापर्यंत जांभ्याची पाखाडी. पायऱ्या ११२. मी नंतर मोजल्या.

डॉक्टर खांद्याला पिशवी लावून वर आली. पंचविशीतली मुलगी असेल. पाखाडी एका दमात चढल्यामुळे तिला बोलता येत नव्हतं, पण हात थांबले नाहीत. तिने नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, गोळी दिली. काकीला म्हणाली, "यांना एक पाऊलसुद्धा चालवू नका." मग अंगणात आली, इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "उचलायला चौघं आहेत का?"

मार्गशीर्ष होता. दिवाळीला आलेले चाकरमानी परत गेलेले. अंगणात काकी, मी, शेजारचे सत्तरी ओलांडलेले अण्णा आणि गुडघ्यांच्या दुखण्याने काठी घेऊन आलेली आते. खालच्या घरातल्या वहिनी पोराला कडेवर घेऊन उभ्या. गाडीचा चालक हाक मारल्यावर वर आला. गाडीतलं स्ट्रेचर चाकांचं. पाखाडीवर ते काय कामाचं? शेवटी प्लास्टिकची खुर्ची काढली. चालक आणि मी खालून, अण्णा आणि वहिनी पाठीकडून. विसाव्या पायरीला अण्णांना धाप लागली. त्यांना बसवलं, डॉक्टर स्वतः खुर्चीला लागली. साठाव्या पायरीच्या पुढे कडेचा दगडी गडगा इतका आत सरकलाय की खुर्ची आणि दोन्ही बाजूंची माणसं एकत्र मावत नाहीत. तिथून काका उतरले. स्वतःच्या पायांनी. एका हाताने माझा खांदा धरून, दुसरा हात छातीवर ठेवून. ज्यांना एक पाऊल चालवायचं नव्हतं ते चाळीसेक पायऱ्या चालले.

गाडीचं दार बंद झालं तेव्हा गाडी येऊन ३१ मिनिटं झाली होती.

२६ आणि ३१ मिळून ५७. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने 'गोल्डन अवर'ची व्याख्या आली. गंभीर दुखापतीनंतरचा एक तास, ज्यात उपचार मिळाले तर माणूस वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त. ती व्याख्या अपघातासाठी आहे, पण छातीत कळ आली की डॉक्टर त्याच घाईने मिनिटं मोजतात. आमचा तो तास वाडी आणि साकव यांच्या मध्येच संपत आला होता. रत्नागिरीचा रस्ता अजून सुरूच व्हायचा होता.

यातल्या २६ मिनिटांना निकष आहे. त्यांच्यावर कंत्राट आहे, आढावा आहे, उशीर झाला तर जाब आहे. ३१ मिनिटांना काहीच नाही. गाडी आल्याची वेळ आणि गाडी निघाल्याची वेळ, यांच्यामधला सगळा काळ 'गाडी घटनास्थळी' या दोन शब्दांत जमा होतो. घटनास्थळ म्हणजे साकव. पेशंट ११२ पायऱ्या वर आहे, हे त्या शब्दांना माहीत नसतं.

इथे कुणावर दोष ठेवायचा नाही. ती डॉक्टर मुलगी आणि तो चालक, दोघांनी आपल्या कामापलीकडचं केलं. १०८ ने या जिल्ह्यात किती बाळंतिणी आणि किती अपघातग्रस्त वाचवले, ते ज्याच्या घरात वेळ आली त्याला विचारावं. २६ जानेवारी २०१४ ला ही सेवा सुरू झाली तेव्हा राज्यभरात ९३७ गाड्या होत्या. २३३ अतिदक्षतेच्या, ७०४ मूलभूत उपचारांच्या. त्याआधी आमच्याकडे पेशंट न्यायचा तर जीपवाल्याच्या दारात जाऊन हाका माराव्या लागत. हे विसरून चालणार नाही. पण प्रत्येक गाडीत माणसं दोन, एक डॉक्टर आणि एक चालक. दोन माणसांनी आजारी माणूस पायऱ्यांवरून आडवा खाली आणता येत नाही. कितीही निष्ठा असली तरी येत नाही. हा साधा वजनाचा हिशेब आहे, आणि तो या योजनेत धरलेलाच नाही.

नव्या आराखड्यात १७५६ वाहनं आहेत. अतिदक्षतेच्या २५५, मूलभूत उपचारांच्या १२७४, नवजात बाळांसाठी ३६, बोटी २५ आणि प्रथम प्रतिसादाच्या मोटारसायकली १६६. चांगलं आहे. बोटी खाडीकाठच्या गावांना हव्याच होत्या. मोटारसायकल अरुंद वाटेने लवकर पोचेल, तेही हवंच. पण मोटारसायकलवरून येतो एक माणूस. आराखड्यात सगळी मोजणी वाहनांची आहे. माणसाला उचलणारे हात किती, हा आकडा कुठे मांडलेला नाही.

मोठ्या शहरांत हा प्रश्न वेगळ्या रूपात फार आधी आला. अमेरिकेत कित्येक शहरांमध्ये आजारपणाच्या फोनला रुग्णवाहिकेबरोबर आगीचा बंब जातो. न्यूयॉर्कने तर १९९६ साली रुग्णवाहिका सेवाच अग्निशमन खात्यात विलीन केली. जपानमध्ये आग लागो की माणूस कोसळो, फोन ११९ लाच. रुग्णवाहिका तिथे अग्निशमन दलाचीच असते. आपल्याकडे हे ऐकून लोकांना नवल वाटतं. छातीत दुखतंय तर बंब कशाला? तिथल्या लोकांनाही हा प्रश्न पडतो. पोटात दुखलं म्हणून एवढा अवजड बंब धाडायचा, हा खर्च कुणी करायचा, यावर तिथे वर्षानुवर्षं वाद चालू आहे आणि त्यात तथ्य आहे.

पण तो बंब काय घेऊन येतो ते बघावं. पाणी नाही, शिडी नाही. तो माणसं घेऊन येतो. अमेरिकेतल्या अग्निशमनाच्या मानकात एका बंबावर किमान ४ माणसं धरलेली आहेत. ती शहरभर पसरलेल्या ठाण्यांमध्ये तयार बसलेली असतात, त्यामुळे पुष्कळदा रुग्णवाहिकेच्या आधी पोचतात. छाती दाबायला हात मिळतात, जिन्यावरून उतरवायला खांदे मिळतात. जपानमध्ये रुग्णवाहिकेतच तिघं असतात. जवळची रुग्णवाहिका दुसरीकडे गुंतलेली असेल किंवा पेशंटला उतरवणं अवघड असेल, तर जवळच्या ठाण्यातून बंबही निघतो. पत्ता नीट ऐकला की किती माणसं लागतील ते तिथे गाडी निघण्याआधी ठरतं.

आमच्या डॉक्टरने अंगणात विचारलेला प्रश्न तिथे फोनवर विचारला जातो.

माझं म्हणणं एवढंच आहे. १०८ ला फोन लावला की तो पुण्याला लागतो. पलीकडून विचारतात: काय झालंय, वय किती, शुद्धीवर आहेत का, गाव कुठलं, तालुका कुठला, जवळची खूण काय. आमच्या वहिनींनी खूण सांगितली, "सहाणेच्या पुढे, साकवापाशी." फोन घेणाऱ्या मुलीने न कंटाळता दोनदा विचारून घेतलं. या प्रश्नांमध्ये आणखी दोन घालायचे. गाडी दारात येते का? येत नसेल तर उचलायला चौघं आहेत का? वहिनींना हे फोनवर विचारलं असतं, तर गाडी वाटेत असताना २६ मिनिटं आमच्या हातात होती. त्या वेळात वरच्या वाडीतून दोघं आले असते, सड्यावर गुरं घेऊन गेलेला एक जण परतला असता. प्रश्न आला तो गाडी आल्यानंतर, डॉक्टर वर चढून आल्यावर. तोवर आम्ही सगळे पडवीत काकांना वारा घालत, रस्त्याकडे डोळे लावून बसलो होतो. गाडी आली की झालं, असंच आम्हाला वाटत होतं. यंत्रणेलाही तसंच वाटतं.

पाखाडीचा प्रश्न फक्त आमच्या वाडीचा नाही. टोरांटोमध्ये उंच इमारतींतल्या घरी हृदय बंद पडलेल्या माणसांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तिसऱ्या मजल्याच्या खाली राहणाऱ्यांपैकी ४.२ टक्के वाचले. तिसऱ्या आणि त्यावरच्या मजल्यांवरचे २.६ टक्के. सोळाव्याच्या वर १ टक्क्याहूनही कमी, आणि पंचविसाव्याच्या वर एकही नाही. गाडी इमारतीच्या दारात तेवढ्याच तत्परतेने येत होती. दारातून वर पेशंटपर्यंत पोचायला सुमारे २ मिनिटं जास्त जात होती. हृदय बंद पडलं की मेंदू ४ ते ६ मिनिटं तग धरतो. त्यातली २ गेली तर काय उरतं? हे त्यांना कळलं, कारण त्यांनी घड्याळ दारात थांबवलं नाही. पेशंटच्या अंगाला हात लागेपर्यंत चालू ठेवलं. तिथे मजले मोजले गेले. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगडपासून राजापूरपर्यंत पाखाड्या आहेत, घाट्या आहेत, साकव आहेत. त्या कुणी मोजल्या नाहीत.

हृदयाचंच कशाला? भातकापणीत फुरसं डसतं. आमच्या सड्यांवर ते ढिगाने. डसलेल्या माणसाला चालवू नये, तो पाय हलू देऊ नये, हे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. आणि तो माणूस मळ्यातून गाडीपर्यंत चालतच येतो. दुसरं करणार काय? सर्पदंशावरची लस आरोग्य केंद्रात आहे, गाडी रस्त्यावर आहे, मधला अर्धा किलोमीटर त्याचा त्याने बघायचा.

पूर्वी वाडीतच चौघं असत. डोली होती. बांबूला घोंगडं बांधलं की झालं, अडलेली बाईसुद्धा मध्यरात्री दोन डोंगर ओलांडून नेत. आता डोली बांधता येणारे अण्णा आहेत, पण त्यांच्या खांद्यात जोर राहिला नाही. ज्यांच्या खांद्यात जोर आहे ते विरारला, नालासोपाऱ्याला, दिव्याला. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या. हा आकडा राज्यात सर्वांत जास्त होता. भाषणांमध्ये तो कौतुकाने सांगतात. आमच्या अंगणात त्या दिवशी त्याचा अर्थ कळला. माणूस गेला तर खांदा द्यायला चौघं रातोरात गाडी करून मुंबईहून येतात. माणूस जिवंत असताना उचलायला येता येत नाही, कारण त्याला अर्धा तासच असतो.

मग चौघं आणायचे कुठून?

शहरात ते आहेत. रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर या नगरपरिषदांकडे अग्निशमन दल आहे, लोट्याला एमआयडीसीचं केंद्र आहे. जखमीला कसं उचलायचं, जिन्यावरून कसं उतरवायचं, हे अग्निशामकाला प्रशिक्षणात शिकवलेलंच असतं. राजिवड्याच्या किंवा मिरकरवाड्याच्या गल्लीत गाडी शिरत नाही. चौथ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातून स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावत नाही. अशा फोनला पुण्याहून एक फोन १०१ ला गेला, तर जवान गाडीच्या बरोबरीने पोचतील. बंब काढायची गरज नाही. एक साधी जीप पुरे. आज तसं होत नाही, कारण १०८ आरोग्य खात्याची, बंब नगरपरिषदेचा, ११२ पोलिसांची. माणूस एकच, त्याला वाचवणारे तीन दरवाजे, आणि आतून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायची वाट सहज सापडत नाही. राज्याच्या २००६ च्या अधिनियमाचं नावच आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना असं आहे. त्यातला 'जीव' आग लागल्यावरच मोजायचा, असं कुणी ठरवलं?

नगरपरिषदेच्या दलात माणसं मोजकी आहेत, हे मला ठाऊक आहे. ती जिन्यावर गुंतलेली असताना आग लागली तर, ही भीतीही खरी आहे. पण पेशंट उतरवायला लागतात १५ मिनिटं, आणि तीही शहरातच. शिवाय आगीचे फोन रोज येत नाहीत. माणसं रोज कोसळतात.

वाडीत बंब नाही. तिथे चौघं गावातूनच उभे करावे लागतील, आणि ते अशक्य नाही. २०२० च्या टाळेबंदीत याच जिल्ह्यात ग्रामकृती दलं होती. कुठल्या घरात कोण आलंय, कुणाला खोकला आहे, कुणाला किराणा पोचवायचाय, हे वाडीवाडीत माहीत होतं. केंद्राच्या 'आपदा मित्र' योजनेत देशभरातल्या ३५० जिल्ह्यांत १ लाख स्वयंसेवक तयार करायचं ठरलं. पूर, वादळ, दरड यांसाठी त्यांना शिकवतात. एका घरात एका माणसाच्या छातीत आलेली कळ आपत्तीच्या व्याख्येत बसत नाही. ती बसवायला किती खर्च येईल? पुणे, नाशिक जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत चोर आला, बिबट्या आला, तर एका फोनवर सगळ्या गावाचे फोन एकदम वाजतात. सिंगापूरमध्ये रुग्णवाहिका अग्निशमन दलाचीच आहे. तरी त्यांनी २०१५ पासून एक ॲप चालवलंय. हृदय बंद पडल्याचा फोन आला की ४०० मीटरच्या आत असलेल्या, ॲपवर नाव नोंदवलेल्या नागरिकाच्या फोनवर निरोप जातो. एवढ्या श्रीमंत शहराला शेजाऱ्याची गरज वाटली. आम्हाला तर शेजाऱ्यावाचून गत्यंतरच नाही.

वाडीत आत्ता कोण आहे, हे बदलत राहतं. एक जण मुंबईला गेला, एक जण आला. म्हणून यादी कागदावर करून उपयोग नाही, असं मला तालुक्याच्या गावी एका जाणत्या माणसाने सांगितलं. त्यांना शिमग्यातल्या पालखीची पाळी माहीत नसावी. कुठल्या दिवशी कुठली वाडी, कुणाचा मान, पुढे कोण, मागे कोण, थकला तर बदली कोण, हे गावात पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ चालत आलेलं आहे. त्यात बदल झाला तर गावबैठकीत सांगतात. दर महिन्याच्या बैठकीत आणखी एक पाळी सांगायला वेळ लागत नाही. बायकांनाही त्यात घ्यायचं. त्या दिवशी खुर्चीचा मागचा पाय वहिनींनीच शेवटपर्यंत धरला होता, पोराला आतेकडे देऊन. सोबत जाड कापडाचं, कडेला पट्टे असलेलं स्ट्रेचर हवं. घडी घालून देवळात ठेवता येतं, सहा हातांनी धरता येतं, गडग्याच्या अडचणीतूनही निघतं. चाकांच्या स्ट्रेचरला हे जमणार नाही. आरोग्य खात्याच्या आशाताईंना ते वापरायला शिकवावं, चौघांना त्यांनी शिकवावं.

आणि पुण्याच्या पडद्यावर आमच्या वाडीच्या नावापुढे एक खूण हवी: गाडी दारात जात नाही. ही खूण करायला सर्वेक्षण नको. गेल्या इतक्या वर्षांत १०८ च्या गाड्या हजारो वाड्यांपर्यंत गेल्या आहेत. कुठे रस्ता संपतो, कुठे साकव आहे, कुठे पावसाळ्यात गाडी मैलभर अलीकडे थांबते, हे प्रत्येक चालकाला पाठ आहे. त्यांना कुणी विचारलेलं नाही. आमच्याकडे आलेल्या चालकाने खुर्ची उचलता उचलता सांगितलं, "दादा, याहून वाईट पाखाडी आहे तुमच्या शेजारच्या गावात. तिथे तर कठडापण नाही." हे ज्ञान त्याच्या डोक्यात आहे. ते पडद्यावर आलं तर फोन घेणाऱ्या मुलीला दोन प्रश्न विचारायची आठवण आपोआप होईल.

मग निकषही बदलावा लागेल. गाडी पोचायला ३० मिनिटं हा आकडा राहू दे. त्याच्याशेजारी दुसरा लिहावा: पेशंटजवळ माणूस पोचायला किती, पेशंट गाडीत यायला किती. पहिली काही वर्षं आकडे वाईट दिसतील. दिसू देत. आज ते दिसतच नाहीत, म्हणून एखाद्या ग्रामपंचायतीने पाखाडीला कठडा मागितला तर तो शोभेचा खर्च ठरतो, साकव रुंद करायचा प्रस्ताव वर्षभर पडून राहतो. '३१ मिनिटं' असं कुणी लिहून ठेवलं असतं तर त्या कागदाला वजन आलं असतं.

काका वाचले. हृदयाची ताकद कमी झाली आहे, असं डॉक्टर म्हणतात. त्या चाळीस पायऱ्यांनी किती कमी झाली, ते कुणीच सांगू शकत नाही. ते आता पाखाडी चढताना तीनदा बसतात. पहिल्यांदा जिथे बसतात, तिथेच त्या दिवशी खुर्चीतून उतरले होते.

यंदा शिमग्यात पालखी आमच्या घरी आली. काकांचा मुलगा विरारहून आला होता, त्याच्या खांद्याला पुढचा दांडा होता. काकीने ओटी भरली, गाऱ्हाणं झालं, आणि पालखी आमच्या अंगणातून त्याच पाखाडीने खाली निघाली. ढोल वाजत होते. वाटेत खालच्या घरी वहिनींच्या दारात थांबली. गडग्याच्या अडचणीत पुढच्याने दांडा डोक्यावर घेतला, मागच्याने कमरेशी आणला, आणि पालखी कुठेही न टेकता सरळ निघून गेली. मी घड्याळ लावलं होतं. साकवापर्यंत ११ मिनिटं लागली.